नववा अर्ज

नववा अर्ज वहिनींनी दोनदा वाचला. मग त्याची बारीक घडी केली, उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि ती घडी पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवली. परत येऊन बसल्या आणि दहावा अर्ज उघडला. त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

अर्ज होते त्यांच्याच नवऱ्याच्या नावाने निघालेल्या शिष्यवृत्तीचे. नवरा जाऊन वर्ष व्हायला तीन आठवडे उरले होते. ते चर्चचे पाळक होते, पण ‘पाळकसाहेब’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. सगळे त्यांना दादा म्हणायचे. साठी उलटलेले म्हणायचे आणि मिसरूड न फुटलेलेही म्हणायचे. त्यामुळे त्यांची बायको आपोआप सगळ्यांची वहिनी झाली.

चर्चमागच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी पाच ते आठ दादांची पोरं जमायची. कुणाचं गणित कच्चं, कुणाला शाळेने काढून टाकलेलं, कुणाला दादांनी स्वतः पोलिस ठाण्यातून सोडवून आणलेलं. ‘हा कार्टा हाताबाहेर गेलाय’ असं कुणाचा बाप म्हणाला की दादा म्हणायचे, “बरं झालं. मग आता माझ्या हातात द्या.” ते पोरांना सायकल दुरुस्त करायला शिकवायचे, नोकरीचा अर्ज लिहायला शिकवायचे, मुलाखतीला गेल्यावर हात कुठे ठेवायचे हेही शिकवायचे. त्यांचं भाषण छोटं असायचं आणि प्रार्थना त्याहून छोटी. पोरं त्यामुळेच टिकतात, असं ते स्वतःच सांगायचे. टेबल टेनिस खेळताना उघडउघड लबाडी करायचे आणि पकडले गेले की म्हणायचे, “मी पाळक आहे रे, देव नाही.”

त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. लोक वहिनींना म्हणायचे, तुम्हाला काय कमी, तुम्हाला शंभर लेकरं. वहिनी हसायच्या.

दादा हॉलमध्ये खुर्च्या मांडतानाच गेले. दोन्ही हातांत एकेक खुर्ची होती. त्यांच्या जुन्या पोरांनी, आता कुणी क्रेन चालवतो, कुणी दवाखान्यात एक्स-रे काढतो, सगळ्यांनी मिळून ही शिष्यवृत्ती सुरू केली. दरवर्षी एका मुलाच्या किंवा मुलीच्या पुढच्या शिक्षणाची पूर्ण फी. निवड करायला तिघांची समिती केली. दादांचे धाकटे भाऊ, म्हणजे वहिनींचे दीर, जे चर्चचे सेक्रेटरीही होते. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणायचे. आणि वहिनी. अर्ज चर्चच्या ऑफिसात यायचे, दीर नावं टिपून ठेवायचे आणि पाकिटं न फोडता वहिनींकडे पाठवायचे. पहिलं वाचन त्यांचं, असा मान होता तो.

अर्जात मार्क, पत्ता वगैरे झाल्यावर एकच प्रश्न होता. ‘दादांमुळे तुमच्या आयुष्यात काय बदललं? एक पान लिहा.’

आठ जणांनी तेच लिहिलं होतं जे लिहितील असं वाटलं होतं. वहिनी वाचता वाचता डोळे पुसत होत्या. मग नववा अर्ज.

‘मी चौदा वर्षांची होते. एका शनिवारी दुपारी मी घरातून निघाले आणि दादांच्या घरी गेले, कारण दादांनी आम्हाला सांगितलं होतं की काहीही झालं तरी माझ्या दारात या. मी त्यांना सांगितलं की बाबा मला मारतात. दादांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मग विचारलं, “फार कुठे लागलेलं नाही ना?” मी नाही म्हटलं. वहिनी तिथेच उभ्या होत्या. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी स्वयंपाकघरात माझा हात पाहिला होता. त्या काही बोलल्या नाहीत. दादांनी बाबांना फोन केला आणि मला गाडीतून घरी सोडलं. दारात बाबांना म्हणाले, “लेकरू आहे, सांभाळून घ्या.” दोघांनी हात मिळवले. दादांची गाडी वळणाआड जाईपर्यंत बाबा हात हलवत होते. मग त्यांनी दार लावलं.

त्यानंतर मी कुणालाच काही सांगितलं नाही. दादांमुळे माझ्या आयुष्यात हे बदललं.

मला डोळे तपासण्याच्या तीन वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळाला आहे. मार्कांची यादी सोबत जोडली आहे.’

खाली सही. चर्चमध्ये येणाऱ्या वायरमनच्या थोरल्या मुलीची.

त्या दुपारचं सगळं वहिनींना लख्ख आठवत होतं. आठवायला लागलंच नाही, कारण ते कधी विसरलंच नव्हतं. पोरगी आली तेव्हा घामाघूम झाली होती. वहिनी तिला हातपाय धुवायला आत घेऊन गेल्या. तिने नळाखाली हात धरला, बाही वर सरकली, आणि कोपराच्या आतल्या बाजूला दोन चट्टे दिसले. पेन्सिलीएवढे बारीक, शेजारी शेजारी. एक वाळलेला, एक ओला.

“हे काय गं?”

“इस्त्री लागली.”

इस्त्रीने असे चट्टे उठत नाहीत, हे वहिनींना कळत होतं. तारा जोडायला वायरमन जी तापवलेली सळई वापरतो तिचे ते चट्टे होते. तीन महिने तो हॉलमध्ये काम करत होता, ती सळई त्यांनी रोज पाहिली होती. त्यांनी मलम आणलं, हळुवार लावलं आणि ओली बाही स्वतःच्या हाताने खाली ओढली. मग दोघी बाहेर आल्या. दादांनी विचारलं, पोरगी नाही म्हणाली, दादांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं आणि बायकोने चहाच्या भांड्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नव्या हॉलचं उद्घाटन होतं. सगळ्या हॉलचं वायरिंग वायरमनने मजुरी न घेता केलं होतं आणि दादा त्याचा सत्कार करणार होते. आठवडाभर ते लहान मुलासारखे एकेक बटण दाबून दिवे लावत-विझवत होते. वहिनींना वाटलं, उद्याचा दिवस जाऊ दे, परवा सांगू. परवाही गेला. आठ दिवसांनी सांगायचं तर आधी आठ दिवस का थांबलीस याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मग महिना गेला. पोरीने हॉलमध्ये येणं बंद केलं. रविवारी ती आईशेजारी मागच्या बाकावर दिसायची आणि वहिनी दुसऱ्या दाराने बाहेर पडायच्या.

शनिवारी समितीची बैठक भरली. दिरांनी चष्मा लावला, अर्ज मोजले, यादी पाहिली आणि पुन्हा मोजले.

“वहिनी, बारा आले होते. हे अकराच आहेत.”

“घरी राहिला असेल एखादा,” वहिनी म्हणाल्या. आपला आवाज इतका सरळ कसा निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं.

दिरांनी यादीवरून बोट फिरवलं. “वायरमनच्या थोरलीचा. अरेच्चा, ती? ती तर घर सोडून गेली ना? बापाचं तोंड बघत नाही म्हणे. एवढा सरळ माणूस, पण पोरगी अशी निघाली.” मग जरा हसून म्हणाले, “नाही सापडला तरी काही अडणार नाही आपलं.”

“सापडेल ना,” मॅडम म्हणाल्या. त्या वहिनींकडे बघत होत्या. “घरात हरवलेलं घरातच असतं. मंगळवारी सकाळी बसू.”

सोमवारी वहिनी चष्म्याच्या दुकानात गेल्या. पोरगी तिथे काम करते एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. पुढे काचेची कपाटं आणि आरसे, मागे पडद्याआड एक अरुंद खोली. तिथे ती चष्म्याच्या काचा फिरत्या चाकावर घासून फ्रेमच्या मापाच्या करत होती. चाकावर पाण्याची धार पडत होती. बोटांना पांढरा चिखल लागला होता. एकोणीस वर्षांची, अंगाने किरकोळ, केस मागे घट्ट बांधलेले. तिने मान वर केली आणि चाक बंद केलं.

“या वहिनी. वाचलात?”

“वाचला.”

“आणि लपवलात.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? तुम्ही एकट्या आलात ना.” तिने फडक्याला हात पुसले आणि एकुलतं एक स्टूल पुढे सरकवलं. “बसा. माझी जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची असते.”

वहिनी बसल्या. रस्त्याने येताना त्यांनी बरंच काही ठरवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. “माझं चुकलं, बाळा,” त्या म्हणाल्या. “पाच वर्षं झाली, पण एक दिवस असा गेला नाही की... तू मला माफ...”

“वहिनी, मला तुमची माफी नको. मला फी हवीय.” हे बोलून ती स्वतःच किंचित हसली. “फी-माफी मिळाली असती तर तुमच्या दारात आलेच नसते. सरकारी यादीत माझं नाव दोन मार्कांनी राहिलं.”

वहिनींना हसू आलं नाही.

“खरं सांगू?” पोरगी म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. “फीसाठी असतं तर मीही लिहिलं असतं की दादांमुळे माझं भलं झालं. एक पान तर लिहायचं होतं. मला तुम्ही हव्या होतात. अर्ज आधी तुमच्याकडे जातात, हे मला माहीत होतं.”

“मी?”

“धाकटी तेरा वर्षांची आहे.”

धाकटीचा विचार वहिनींच्या मनाला शिवला नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

“मुलांसाठी सरकारी ऑफिस आहे ना, तिथे मी दोनदा जाऊन आले,” पोरगी सांगू लागली. “दोन्ही वेळा ते घरी जाऊन आले. आईने चहा दिला. बाबांनी चर्चचं सत्काराचं पत्र दाखवलं, दादांच्या सहीचं. धाकटीला विचारलं तर ती म्हणाली, सगळं छान आहे. मीही असंच म्हणायचे. मग मला म्हणाले, तुमचं वडिलांशी भांडण आहे का? मी घरातून पळालेली, वहिनी. माझं कोण ऐकणार? कुणी मोठ्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं हवं. आणि पाहिलेलं फक्त तुम्ही.”

पडद्याबाहेरून मालकाने हाक मारली, सोनेरी फ्रेम झाली का म्हणून. “पाच मिनिटं!” तिने ओरडून सांगितलं आणि वहिनींकडे वळली. “तुम्ही काही केलं नाहीत तरी मी समजून घेईन. म्हणजे, समजून घेणार नाही. पण सवय आहे.”

घरी येऊन वहिनींनी डब्याखालून अर्ज काढला. त्याला पीठ लागलं होतं, ते झटकलं. रात्रीचं जेवण त्यांनी केलं नाही. भिंतीवर दादांचा फोटो होता, त्याच्याशी त्या रोज दोन शब्द बोलायच्या. त्या दिवशी बोलल्या नाहीत.

मंगळवारी आपणच तो लपवला होता हे सांगून त्यांनी अर्ज स्वतः मोठ्याने वाचून दाखवला. ‘त्या काही बोलल्या नाहीत’ या वाक्याशी त्यांचा आवाज फाटला, पण थांबल्या नाहीत.

दीर ऐकता ऐकता लालबुंद झाले. “म्हणजे दादाच्या नावाची शिष्यवृत्ती, आणि दादावरच चिखलफेक? वाचायच्याच लायकीचा नाही हा अर्ज. वहिनी, तुम्ही लपवलात तेच बरोबर केलंत.”

“खरं आहे का हे?” मॅडमनी विचारलं.

“शब्द न् शब्द,” वहिनी म्हणाल्या. “फक्त एक तिने लिहिलेलं नाही, कारण तिला माहीत नसेल. बाही मी खाली ओढली होती ती कशासाठी. यांना दिसू नये म्हणून.”

दिरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग त्यांचा सूर बदलला. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “हे बघा वहिनी. झालं गेलं. पोरीला शिक्षण हवंय ना? देऊ. तिलाच देऊ. फक्त तिला म्हणावं, ते पान बदलून दे. दोन ओळी चांगल्या लिही. माणूस गेलाय, त्याला आता उत्तर देता येत नाही. त्याच्या मागे राहिलंय ते नुसतं नाव. ते तरी राहू द्या.”

वहिनींना तो मार्ग पटला नव्हता, पण क्षणभर त्याचा मोह पडला, हे त्या पुढे स्वतःच कबूल करायच्या. पोरीला फी मिळाली असती. दादांचं नाव राहिलं असतं. चहाच्या भांड्याकडे बघितलं की झालं.

“ती बदलून देणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि मी सांगणारही नाही. भाऊजी, तिने फीसाठी लिहिलंच नाही ते. तिची धाकटी बहीण अजून त्या घरात आहे.”

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. “किती वर्षांची?”

“तेरा.”

“आत्ता कुठे असेल?”

“शाळेत. दुपारी घरी जाईल.”

“मग आपण इथे अर्ज कसले वाचत बसलोय?” मॅडम उठल्या आणि त्यांनी पर्स खांद्याला लावली. “चला.”

“मॅडम, जरा विचार करा,” दीर म्हणाले. “त्या माणसाने फुकटात वायरिंग करून दिलंय. चर्चच्या पंचांमध्ये बसतो तो आपल्या. अख्खी मंडळी दुभंगेल.”

“दुभंगू दे,” मॅडम म्हणाल्या. दीर अर्जांच्या ढिगासमोर एकटेच बसून राहिले.

सरकारी ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. वहिनींना जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होती, तिच्यामागे लोखंडी कपाट आणि कपाटावर लहान मुलांची खेळणी. वहिनी जे सांगत गेल्या ते ती स्वतःच्या हाताने लिहून घेत गेली. चट्टे किती, कुठे, केवढे. सळई कशी असते.

“तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“हो. मलमही मीच लावलं.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. वहिनींनी खिडकीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. सांगता येण्यासारखी पुष्कळ कारणं होती. घरातली गोष्ट. पोरगीच नाही म्हणाली. नवरा बघून घेईल असं वाटलं.

“दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता,” त्या म्हणाल्या. “सांगितलं असतं तर कार्यक्रम बिघडला असता.”

बाईने एकदा वर पाहिलं आणि तेच शब्द जसेच्या तसे लिहिले. वहिनींनी ते कागदावर उलटे वाचले आणि खाली सही केली.

अधिकारी बाई मॅडमना घेऊन तडक शाळेत गेली, कारण त्याच शाळेत मॅडमची हयात गेली होती. धाकटीला बोलावलं तर ती नेहमीसारखी म्हणाली, सगळं छान आहे. मॅडमनी तिला सांगितलं की तुझ्या ताईच्या हातावर काय होतं ते आपल्या वहिनींनी आज लिहून दिलंय. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

“सही करून?” तिने विचारलं.

“हो. सही करून.”

मग ती बोलली. तासभर बोलली. त्या दिवशी ती घरी गेली नाही, तिला मावशीकडे नेलं.

वायरमनला पकडलं, मग जामीन मिळाला, मग तारखा सुरू झाल्या. त्या कधी संपतील हे कुणालाच सांगता येईना. मंडळी खरंच दुभंगली. निम्मे लोक म्हणत, वहिनींनी धीर दाखवला. उरलेले निम्मे म्हणत, आयुष्यभर नवऱ्याच्या पुण्याईवर जगली आणि तो गेल्यावर त्याच्याच तोंडाला काळं फासलं. दुसऱ्या निम्म्यांचं म्हणणं वहिनींपर्यंत जास्त लवकर पोहोचायचं. एका रविवारी वायरमनची बायको चर्चच्या पायऱ्यांवर समोर आली. लांबून आल्यासारखी दमलेली दिसत होती. “मी आता कुणाच्या तोंडाकडे बघून जगू?” ती म्हणाली. “माझं घर मोडलंत तुम्ही.” वहिनींना तिला सांगायचं होतं की घर आधीच मोडलेलं होतं. पण ती बाई रोज रात्री पोरी नसलेल्या त्या घरात परत जात होती आणि आपण जात नव्हतो, हे आठवून त्या गप्प राहिल्या.

शिष्यवृत्ती पोरीलाच मिळाली. मॅडम आणि वहिनी एका बाजूला, दिरांनी मत दिलं नाही. वर्गणी देणाऱ्यांपैकी तिघांनी पुढच्या वर्षीपासून आमचं नाव काढा म्हणून कळवलं. दादांच्या स्मृतिदिनाला हॉल अर्धाच भरला. पोरगी आली नाही. वहिनींनी तिला बोलावलंही नव्हतं, फी सरळ कॉलेजात भरली होती. क्रेन चालवणाऱ्याने भाषण केलं. दादांनी आपल्याला सोळाव्या वर्षी चोरीच्या नादातून कसं बाहेर काढलं, रोज सकाळी कामावर सोडायला स्वतः कसे यायचे, पहिला पगार झाला तेव्हा रस्त्यातच कसे नाचले, ते सांगताना त्या धिप्पाड माणसाला रडू आवरेना. वहिनीही रडल्या. कारण तेही खरंच होतं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं.

दीर चार महिने वहिनींच्या घराची पायरी चढले नाहीत. मग एका दुपारी आले. हातात नळाचा वॉशर होता. “स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणाल्या होतात ना, मागे,” ते म्हणाले. नळ केव्हाच दुरुस्त झाला होता. वहिनींनी तसं सांगितलं नाही, त्यांना आत घेतलं.

दिरांनी नळ उघडून पाहिला, बंद केला, पुन्हा उघडला. मग तिथेच लाकडी खुर्चीवर बसले. वॉशर बोटांत फिरवत राहिले.

“वहिनी, एक विचारू?”

“विचारा ना, भाऊजी.”

“दादाला माहीत नव्हतं ना? तुम्ही बाही ओढलीत, त्याला दिसलंच नाही. म्हणजे त्याला माहीत नव्हतं. एवढं तुमच्या तोंडून ऐकलं की मी... एवढंच ऐकायला आलोय.”

वहिनी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. नव्हतं म्हणणं अवघड नव्हतं. समोर बसलेला माणूस पासष्ट वर्षांचा होता, पण त्या क्षणी त्याचा चेहरा थोरल्या भावाच्या सायकलवर पुढे बसलेल्या पोरासारखा दिसत होता.

“मी सांगितलं नाही, एवढं मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे नव्हतंच माहीत.”

“भाऊजी, ते चाळीस वर्षं पोरांमध्ये वावरले. कुणी उपाशी आलंय, कुणी मार खाऊन आलंय, ते दारातून ओळखायचे. ऐन उन्हाळ्यात पोरगी पूर्ण बाह्या घालून आली होती.” त्या थांबल्या. “आणि त्यांनी विचारलं काय, तर लागलेलं नाही ना? लागलंय का, असं नाही विचारलं.”

दिरांच्या बोटांतला वॉशर फिरायचा थांबला.

“मला खरंच माहीत नाही,” वहिनी म्हणाल्या. “कदाचित त्यांना खरंच कळलं नसेल. कदाचित ते माझ्या बोलण्याची वाट बघत असतील आणि मी त्यांच्या. नंतर मी कधी विषय काढला नाही. त्यांनीही नाही. आता कुणाला विचारू?”

दिरांचे खांदे हलायला लागले. त्यांनी तोंडावर हात धरला. वहिनींनी त्यांना रडू दिलं. स्वतः मात्र त्या कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या, आणि आपल्याला आता रडू का येत नाही, याचाच विचार करत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी ताट काढलं.

“जेवून जा,” त्या म्हणाल्या.

दिरांनी मानेनेच नको म्हटलं. पण ते उठलेही नाहीत.